डोरिस मिलर : शौर्य एकट्याचे, लढा समाजाचा

१ जानेवारी म्हटले की आपल्याला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आठवतो. १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यातली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात आणि त्या प्रत्ययावरूनच ती महार सैनिकांची नावे आहेत हे ओळखता येते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले तेव्हा समाजाला दाखवायला दगडावर कोरलेला पुरावा होता.

आता दुसरी एक १ जानेवारी पाहू. १ जानेवारी १९४२. तीन आठवड्यांपूर्वी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला होता. त्या हल्ल्यात शौर्य दाखवलेल्यांची यादी अमेरिकेच्या नौदलाने या दिवशी जाहीर केली. यादीत एका माणसाचे नावच नव्हते. तो एक ‘निग्रो’ आहे, एवढाच उल्लेख होता. अमेरिकेत त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी सरकारी कागदातही हाच शब्द वापरत.

तो माणूस म्हणजे डोरिस मिलर. २००१ सालचा ‘पर्ल हार्बर’ हा इंग्रजी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना मशीनगन चालवणारा कृष्णवर्णीय खलाशी आठवेल. चित्रपटात ते प्रसंग थोडक्यात येऊन जातात. त्यांचे नाव कसे शोधले गेले, पदक कोणी मिळवून दिले आणि पदक मिळाल्यावर त्यांचे काय झाले, ही गोष्ट चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

वाट्याने शेती करणाऱ्याचा मुलगा

डोरिस मिलर यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९१९ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील वेको येथे झाला. आई हेन्रिएटा, वडील कॉनरी. चार भावांत ते तिसरे. आजोबांची पिढी गुलामगिरीत जन्मलेली आणि आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण जमीन गोऱ्या मालकाची आणि कर्ज कुळाच्या डोक्यावर, ही व्यवस्था तशीच होती. आपल्याकडच्या सालगड्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

वेको गावाचा आणखी एक इतिहास आहे. मिलर यांच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, मे १९१६ मध्ये, जेसी वॉशिंग्टन नावाच्या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय शेतमजुराला न्यायालयातून ओढून नेऊन भर चौकात जाळण्यात आले. हजारोंचा जमाव ते बघायला जमला होता. त्याचे फोटो काढून पोस्टकार्ड म्हणून विकले गेले. अशा गावात हा मुलगा लहानाचा मोठा झाला. खैरलांजी पाहिलेल्या पिढीला त्या गावची हवा कशी असेल याची कल्पना करता येईल.

मिलर अंगाने धिप्पाड होते, शाळेत फुटबॉल खेळत. पण घरची परिस्थिती बेताची होती. सप्टेंबर १९३९ मध्ये, विशी पूर्ण व्हायच्या आत, ते नौदलात भरती झाले. पगार महिना २१ डॉलर. घरी पैसे पाठवता येतील आणि जग बघता येईल, हा हिशेब. आपल्या आजोबा-पणजोबांनी पलटणीत, गोदीत किंवा रेल्वेत जाताना केलेला हिशेब याहून फारसा वेगळा नव्हता.

नौदलातली ठरवून दिलेली जागा

येथे थोडे थांबून नौदलाची रचना समजून घेऊ.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कृष्णवर्णीय खलाशी गोऱ्यांच्या बरोबरीने जहाजांवर होते. त्यातल्या काहींना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे देशाचे सर्वोच्च शौर्यपदकही मिळाले होते. म्हणजे हे लोक लढू शकतात हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. तरीही पुढच्या काळात त्यांना हळूहळू मागे ढकलण्यात आले आणि १९१९ पासून नौदलात त्यांची नवी भरतीच बंद झाली. १९३२ मध्ये दार पुन्हा उघडले, पण एकाच खात्याचे. ते खाते म्हणजे मेस.

मेस अटेंडंटचे काम काय? गोऱ्या अधिकाऱ्यांना जेवण वाढायचे, त्यांचे बिछाने आवरायचे, कपडे धुलाईसाठी गोळा करायचे, बूट चमकवायचे. अंगावर गणवेश नौदलाचा, काम घरगड्याचे. तोफखाना, इंजिन, रेडिओ, दिशादर्शन यांपैकी कोणत्याही शाखेत जाण्याची वाट त्यांना नव्हती. एखादा कितीही हुशार असला तरी मेसमध्येच वरच्या श्रेणीचा स्वयंपाकी किंवा वाढपी होणार. समाजशास्त्रात याला जन्मावर ठरलेली व्यवसायविभागणी म्हणतात. बाबासाहेबांनी जातीबद्दल सांगितले होते की ती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. तेच येथे लोखंडी जहाजावर दिसते.

मिलर १९४० च्या जानेवारीत ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर रुजू झाले. तेथे ते जहाजाचे हेवीवेट मुष्टियुद्ध विजेते ठरले. मुष्टियुद्धाच्या रिंगणात त्यांची ताकद सर्वांना मान्य होती. मात्र रिंगणातून उतरले की पुन्हा अधिकाऱ्यांची मेस.

७ डिसेंबर १९४१ ची सकाळ

रविवार होता. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर बंदरात अमेरिकेच्या युद्धनौका रांगेने उभ्या होत्या. मिलर सकाळी सहाला उठले, नाश्ता वाढला आणि धुलाईचे कपडे गोळा करू लागले. आठ वाजायला काही मिनिटे असताना जपानी विमानांनी सोडलेला पहिला टॉर्पेडो ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर आदळला.

लढाईची घंटा वाजली की प्रत्येक खलाशाने नेमून दिलेल्या जागी जायचे असते. मिलर यांची जागा जहाजाच्या मध्यभागी, विमानविरोधी तोफांच्या दारूगोळ्याच्या कोठाराशी होती. ते धावत तेथे गेले तर ती जागा टॉर्पेडोने उद्ध्वस्त झालेली. मग ते इतरांच्या मदतीला हजर झाले. ताकदवान माणूस म्हणून एका अधिकाऱ्याने त्यांना सोबत ब्रिजवर, म्हणजे जेथून जहाजाचे संचालन होते तेथे नेले. जहाजाचे कॅप्टन मर्विन बेनियन पोटात बॉम्बचा तुकडा घुसून गंभीर जखमी झाले होते. आग आणि गोळीबार चालू असताना मिलर आणि इतरांनी त्यांना आडोशाला हलवले. कॅप्टन शेवटपर्यंत आपली जागा सोडून जायला तयार नव्हते. त्याच सकाळी त्यांचा मृत्यू झाला.

जवळच दोन विमानविरोधी मशीनगन होत्या, त्यांच्यावर माणूस नव्हता. लेफ्टनंट फ्रेडरिक व्हाइट यांनी मिलर यांना मदतीला घेतले. कल्पना अशी की मिलर यांनी गोळ्यांचे पट्टे पुरवायचे आणि अधिकाऱ्यांनी गोळ्या झाडायच्या. पण शेजारच्या अधिकाऱ्याने वळून पाहिले तर मिलर स्वतःच एका मशीनगनवर उभे राहून गोळ्या झाडत होते. ही मशीनगन चालवण्याचे प्रशिक्षण त्यांना दिलेले नव्हते. पुढे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले की इतरांना चालवताना पाहिले होते, तसाच घोडा ओढला आणि ती चालली. साधारण पंधरा मिनिटे, गोळ्या संपेपर्यंत, ते झाडत राहिले.

त्यानंतरचे काम कमी सांगितले जाते, पण माझ्या मते तितकेच महत्त्वाचे आहे. जहाजात पाणी भरत होते, पाण्यावर तेल पसरले होते आणि आग लागली होती. मिलर यांनी जखमी सहकाऱ्यांना त्या तेलपाण्यातून ओढून सुरक्षित ठिकाणी आणले. त्यात बहुतेक सगळे गोरे होते. ज्यांच्या पंगतीला बसून जेवण्याचा अधिकार त्यांना नव्हता, त्यांनाच ते खांद्यावर घेऊन निघाले होते. जहाज बंदराच्या तळाशी बसले. त्यावरील शंभराहून अधिक माणसे त्या दिवशी मरण पावली.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. मिलर यांनी चार विमाने पाडली, सहा पाडली अशा कथा पुढे पसरल्या. त्यांच्या अधिकृत मानपत्रात विमान पाडल्याचा उल्लेख नाही. त्यात कॅप्टनला हलवण्याचा आणि ब्रिज सोडण्याचा हुकूम येईपर्यंत मशीनगन चालवण्याचा उल्लेख आहे. तेवढे पुरेसे आहे. आपल्या वीरांच्या बाबतीतही आकडे फुगवून पुढे पाठवण्याची घाई होते. मग विरोधक तो एक आकडा खोटा ठरवतो आणि त्याच्या आडून सगळा इतिहास नाकारतो.

नाव शोधणारे लोक

आता त्या निनावी नोंदीकडे येऊ. नौदलाने नाव दिले नाही. मग ते बाहेर कसे आले?

यासाठी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रे आणि संघटना कामाला लागल्या. त्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे त्या अज्ञात खलाशाला पदक देण्याची मागणी केली. ‘पिट्सबर्ग कुरियर’ हे त्या समाजाचे मोठे साप्ताहिक. त्याने हा विषय लावून धरला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शोंबर्ग संग्रह नावाचे ग्रंथालय आहे. कृष्णवर्णीयांचा इतिहास, कागदपत्रे, पुस्तके तेथे जपली जातात. त्याचे प्रमुख डॉ. लॉरेन्स रेडिक यांनी नौदल खात्याशी पत्रव्यवहार केला. शेवटी १२ मार्च १९४२ रोजी डोरिस मिलर हे नाव देशभर छापून आले. नाव शोधल्याचे श्रेय बातम्यांनी रेडिक यांना दिले. हेच रेडिक पुढे १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत भारतात आले होते.

नाव कळल्यावर प्रश्न सुटला नाही. मिलर यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ द्यावे अशी विधेयके अमेरिकन संसदेत मांडली गेली. सिनेटर जेम्स मीड आणि प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी ती मांडली. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांचा विरोध होता. त्यांनी एप्रिल १९४२ मध्ये केवळ एक प्रशंसापत्र देऊन विषय मिटवायचा प्रयत्न केला. ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’ने त्याचा जाहीर निषेध केला. अखेर ११ मे रोजी रूझवेल्ट यांनी ‘नेव्ही क्रॉस’ हे पदक मंजूर केले. २७ मे १९४२ रोजी पर्ल हार्बरमध्येच, ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेवर, अ‍ॅडमिरल चेस्टर निमित्झ यांनी ते मिलर यांच्या छातीवर लावले. निमित्झही टेक्सासचेच. हे पदक मिळवणारे मिलर पहिले कृष्णवर्णीय.

जानेवारी ते मे. पाच महिने. या पाच महिन्यांत मिलर स्वतः समुद्रावर ड्यूटीवर होते. त्यांनी काही मागितले नाही, मागण्याची त्यांची स्थितीही नव्हती. पत्र लिहिणारा ग्रंथपाल, अग्रलेख लिहिणारा संपादक, निवेदन देणारे कार्यकर्ते, विधेयक मांडणारे लोकप्रतिनिधी अशी माणसांची साखळी उभी राहिली म्हणून ते नाव वर आले. शौर्य मिलर यांचे एकट्याचे होते. त्याला मान्यता मिळवण्याचे काम मात्र समाजाने संघटितपणे केले.

याच काळात ‘पिट्सबर्ग कुरियर’मध्ये जेम्स थॉम्पसन या तरुणाचे पत्र प्रसिद्ध झाले. तोही विमान कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम करत होता. त्याचा प्रश्न असा : बाहेरच्या हुकूमशाहीविरुद्ध लढताना घरातल्या गुलामगिरीचे काय? त्यातून ‘दुहेरी विजय’ ही मोहीम सुरू झाली. शत्रूवर विजय आणि देशातल्या वर्णभेदावरही विजय. पत्र छापले गेले तो दिवस ३१ जानेवारी १९४२. बरोबर २२ वर्षांपूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला होता. हा केवळ योगायोग. पण दबलेल्या समाजाला स्वतःचे वर्तमानपत्र का लागते, याचे उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

पदक छातीवर, नोकरी मेसमध्येच

पदक मिळाल्यावर मिलर यांना तोफखान्यात घेतले का? नाही. १ जून १९४२ पासून नौदलाने कृष्णवर्णीयांना सामान्य सेवेत घ्यायला सुरुवात केली, तीही वेगळ्या तुकड्यांत आणि प्रामुख्याने किनाऱ्यावरच्या कामांसाठी. मिलर मेसमध्येच राहिले. मेस अटेंडंट पहिली श्रेणी, पुढे स्वयंपाकी तिसरी श्रेणी, ही त्यांची बढती.

गोऱ्या वीरांना मायदेशी आणून सत्कार होत होते. मिलर यांनाही आणा अशी मागणी पुन्हा वर्तमानपत्रांनाच करावी लागली. मग १९४२ च्या अखेरीस त्यांना युद्धरोखे विकण्याच्या दौऱ्यावर नेले. वेकोसह अनेक ठिकाणी त्यांची भाषणे झाली. १९४३ मध्ये त्यांचे चित्र नौदल भरतीच्या भित्तिपत्रकावर छापले गेले. छातीवर नेव्ही क्रॉस, चेहरा गंभीर. ते चित्र पाहून कृष्णवर्णीय तरुण भरतीला येत होते आणि चित्रातला माणूस जहाजावर स्वयंपाक करत होता.

१९४३ मध्ये त्यांची बदली ‘लिस्कम बे’ या लहान विमानवाहू नौकेवर झाली. २४ नोव्हेंबर १९४३ च्या पहाटे प्रशांत महासागरात, माकिन बेटाजवळ, जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्या नौकेला लागला. आतला बॉम्बचा साठा फुटला आणि नौका अर्ध्या तासाच्या आत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यात डोरिस मिलर होते. वय २४. त्यांचा मृतदेह मिळाला नाही.

पुढचे बदलही सहज आले नाहीत. नौदलात कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांची पहिली तुकडी, १३ जणांची, मार्च १९४४ मध्ये तयार झाली. सैन्यदलांतला वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. दुसऱ्या महायुद्धातील एकाही कृष्णवर्णीयाला ‘मेडल ऑफ ऑनर’ दिले गेले नव्हते. ती चूक १९९७ मध्ये अंशतः दुरुस्त झाली आणि सात जणांना ते पदक मिळाले. त्यातले सहा तोवर हयात नव्हते. त्या सातांत मिलर नाहीत. १९७३ मध्ये एका युद्धनौकेला त्यांचे नाव मिळाले आणि जानेवारी २०२० मध्ये एका नव्या विमानवाहू नौकेला ‘डोरिस मिलर’ हे नाव देण्याचे जाहीर झाले. कृष्णवर्णीय व्यक्तीचे आणि साध्या खलाशाचे नाव विमानवाहू नौकेला देण्याची ही पहिलीच वेळ. हल्ल्यानंतर ७८ वर्षांनी.

त्याच वर्षी आपल्याकडे

मिलर यांनी मशीनगन हाती घेतली त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यामागेही अर्ध्या शतकाचा अर्जविनंत्यांचा आणि संघर्षाचा इतिहास आहे.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिक पिढ्यान्‌पिढ्या होते. लष्करी नोकरीने नियमित पगार, पेन्शन आणि मुलांना शाळा दिली. सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच परंपरेतले. पण इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ हा सिद्धांत स्वीकारला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर नावे असूनही ते लढाऊ नाहीत असे ठरवले गेले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात सरकारला गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडून टाकली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी आग्रह धरला आणि रेजिमेंट मिळाली. चांभार समाजाची रेजिमेंट १९४३ मध्ये उभी राहिली आणि युद्ध संपताच १९४६ मध्ये बरखास्त झाली.

दोन्ही देशांतला धडा एकच दिसतो. संकट आले की दार उघडते, संकट सरले की बंद होते. आधीच्या पिढीने गाजवलेले शौर्य पुढच्या पिढीला आपोआप हक्क देत नाही. मिळालेली जागाही काढून घेता येते. म्हणून बाबासाहेबांनी उपकारावर विसंबून न राहता हक्क कायद्यात आणि संविधानात लिहून घेतले.

वर्ण आणि जात : फरकही समजून घेऊ

आपण अनेकदा ‘वर्णभेद म्हणजेच जातिभेद’ असे पटकन म्हणतो. मिलर यांच्या कामाकडे पाहिले तर साम्य आणि फरक दोन्ही दिसतात.

अमेरिकन नौदलाला कृष्णवर्णीयाच्या हातचे जेवण चालत होते, किंबहुना तेच काम त्याला दिले होते. आपल्याकडे अस्पृश्याच्या हातचे पाणीसुद्धा चालत नव्हते, म्हणून १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. तेथे स्वयंपाकघर हीच एकमेव जागा, येथे स्वयंपाकघराचा उंबरठाही बंद. तेथे भेद कातडीच्या रंगावर, येथे विटाळाच्या कल्पनेवर आणि त्याला धर्माचा आधार. जहाजाच्या मेसमध्ये फिलिपिनो कामगारही होते. म्हणजे तेथेही दुय्यम ठरवलेल्या माणसांचे थर होते. पण जातीइतकी बारीक श्रेणीबद्ध असमानता, जिच्यात प्रत्येकाला खाली ढकलायला कोणीतरी मिळते, ती आपल्याच समाजाची खासियत. सारखेपणा एवढाच, आणि तो मूलभूत आहे : माणूस काय करू शकतो हे त्याला विचारायच्या आधी त्याच्या जन्मावरून ठरवले जात होते.

बाबासाहेबांना हे साम्य आणि फरक दोन्ही ठाऊक होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण भारतातील अस्पृश्यही तसा विचार करत होते. ड्यू बॉइस यांनी उत्तरासोबत पाठवलेले निवेदन होते ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’चे. म्हणजे मिलर यांच्या पदकासाठी आवाज उठवणारीच संघटना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा हा धागा पुढच्या पिढीने उचलला.

बौद्ध म्हणून एका योद्ध्याकडे कसे पाहायचे?

काही तरुण विचारतील, आपण बुद्धाचे अनुयायी, मग मशीनगन चालवणाऱ्याचा गौरव का? प्रश्न योग्य आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. मिलर हल्ला करायला गेले नव्हते. बुडत्या जहाजावर, बरोबरची माणसे मरत असताना, त्यांनी समोर पडलेले काम हाती घेतले. गोळ्या संपल्यावर त्याच हातांनी जखमींना उचलले. ते कृत्य द्वेषातून आलेले दिसत नाही. आपण युद्धाचा गौरव करत नाही. माणसे वाचवणाऱ्या धैर्याचा आणि मैत्रीचा करतो.

वसल सुत्तात तथागतांनी सांगितले की माणूस जन्माने नीच ठरत नाही, कृतीने ठरतो. मिलर यांनी कृतीने ते सिद्ध केले. तरी व्यवस्थेने त्यांना मेसमध्येच ठेवले. म्हणजे व्यक्तीने लायकी सिद्ध करणे पुरेसे नाही, नियम बदलावे लागतात. ‘मेहनत करा, जग तुमची दखल घेईल’ असे आपल्या मुलांना सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मेहनत हवीच. पण दखल घेणारी व्यवस्था संघर्षाशिवाय तयार होत नाही.

आपण काय करू शकतो?

तरुण मित्र-मैत्रिणींनो, मिलर यांचे नाव वाचले ते पत्र लिहिणाऱ्या ग्रंथपालामुळे आणि छापणाऱ्या वर्तमानपत्रामुळे. ही कामे आपल्याही आवाक्यातली आहेत.

आपल्या वस्तीत, गावात महार रेजिमेंटमधून किंवा इतर दलांतून निवृत्त झालेले आजोबा असतील. त्यांची सेवापुस्तिका, पेन्शनचे कागद, पदके, फोटो यांचे मोबाईलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा. त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. नाव, गाव, पलटण आणि वर्ष लिहून घ्या. ते गेल्यावर ट्रंकेतले कागद रद्दीत जातात हे आपण पाहिलेले आहे.

फक्त सैनिकच नाहीत. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, सफाईच्या कामात जीव धोक्यात घालून दुसऱ्यांना वाचवणारी माणसे आपल्यात होऊन गेली. गटार साफ करताना सहकाऱ्याला काढायला उतरलेला आणि परत न आलेला माणूस बातमीत ‘एक कामगार’ एवढाच असतो. त्याचे नाव शोधा, छापा आणि कायद्याने मिळणारी भरपाई त्याच्या कुटुंबाला मिळेपर्यंत पाठपुरावा करा. ज्या बायांनी पती सीमेवर असताना घर, शेत आणि मुलांचे शिक्षण सांभाळले त्यांचीही नोंद घ्या.

विहारात एक कपाट, एक वही आणि जबाबदारी घेणारे दोन जण, एवढ्यावर सुरुवात होते. लिहिताना खरे तेवढेच लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. कागद असेल तर त्याची प्रत जोडा.

आणि पुढच्या १ जानेवारीला कोरेगावला जाल तेव्हा स्तंभासमोर फोटो काढण्याआधी त्यावरची नावे एकदा वाचा.

जय भीम! नमो बुद्धाय!